खोलीनिहाय हीटिंग: आठ स्मार्ट व्हॉल्व घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या रीडिंग शहराजवळ १९३० च्या दशकातलं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूनं शेजारच्या घराला जोडलेलं) घर घेतलंय. कॉम्बी बॉयलर (रेडिएटर आणि नळ, दोन्हींचं पाणी तापवणारा गॅस बॉयलर), आठ रेडिएटर, आणि अख्ख्या घराला मिळून हॉलमध्ये, म्हणजे दारातल्या पॅसेजमध्ये, एकच थर्मोस्टॅट. आठवड्यातले काही दिवस तुम्ही वरच्या बॉक्स रूममध्ये (सर्वात छोट्या खोलीत) बसून काम करता, तिथे पाय गारठतात आणि खाली रिकामा लाउंज, म्हणजे बसायची खोली, तापत असतो. नोव्हेंबरात आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. आठही रेडिएटरवर स्मार्ट व्हॉल्व बसवावेत का, त्यातून किती वाचेल, आणि कोणत्या कंपनीचे घ्यावेत?

आधी सरळ उत्तर देतो. आठ घेऊ नका, तीन घ्या: बॉक्स रूम, आई-बाबांची खोली आणि लाउंज. बाकीच्या खोल्यांत आत्ता आहेत ते साधे व्हॉल्वच राहू द्या. हॉलमधला थर्मोस्टॅट मात्र बदलावा लागेल. आणि या सगळ्याच्या आधी, एकही पेनी खर्च न करता, बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान खाली आणा. या देशात हीटिंगचं काम करताना मी जितकी घरं पाहिली, त्यात माणसं सुखात असलेली घरं आणि सर्वात जास्त उपकरणं असलेली घरं या दोन वेगळ्या याद्या आहेत.

तुमच्या रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात १ ते ५ आकडे लिहिलेली जी गोल मूठ आहे, ती टीआरव्ही, म्हणजे थर्मोस्टॅटिक रेडिएटर व्हॉल्व. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लॉसन यांनी १९४३ मध्ये ही कल्पना मांडली, आणि आजही ती तशीच चालते. मुठीच्या आत मेण किंवा द्रव असतो, खोली तापली की तो फुगतो आणि खालची पिन दाबून पाणी अडवतो. ३ वर ठेवली तर खोली साधारण २० अंशांवर थांबते. म्हणजे प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं ठेवण्याची सोय तुमच्याकडे आधीपासून आहे, वीज नको, बॅटरी नको. स्मार्ट व्हॉल्व तीच पिन मोटरनं दाबतो. त्यात जास्तीच्या गोष्टी दोनच: त्याला घड्याळ कळतं, आणि तो बॉयलरला सांगू शकतो की मला उष्णता हवी आहे.

म्हणून खोलीगणिक स्वतःला दोन प्रश्न विचारा. या खोलीचं तापमान दिवसातल्या वेगवेगळ्या वेळी वेगळं हवं आहे का? आणि बाकी घर गरम असतानाही ही खोली एकटी थंड राहते का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तिथे स्मार्ट व्हॉल्व हा वाया गेलेला पैसा. तुमची स्वतःची बेडरूम रात्री १७-१८ अंशांवर ठेवायची असेल, तर साधी मूठ २ आणि ३ च्या मध्ये फिरवून ठेवा. वर्षभर तिकडे बघावं लागणार नाही.

आता हॉलच्या थर्मोस्टॅटचं. तुमच्या बॉक्स रूमच्या गारठ्याचं मूळ बहुधा तिथेच आहे. हॉल १९ अंशांवर पोचला की तो थर्मोस्टॅट बॉयलर बंद करतो, मग वरची खोली १५ वर असो की १६ वर. तिथे टीआरव्ही पूर्ण उघडा असला तरी उपयोग नाही, कारण पाइपात गरम पाणीच येत नाही. खूप लोक नुसते स्मार्ट व्हॉल्व आणून बसवतात, हॉलचा जुना थर्मोस्टॅट तसाच ठेवतात, आणि काहीच फरक पडला नाही म्हणतात. व्हॉल्व मागणी करतोय पण ती ऐकणारं कुणी नाही, अशी ती अवस्था. त्यामुळे ज्या कंपनीचे व्हॉल्व घ्याल तिचाच रिसीव्हर, म्हणजे व्हॉल्वची मागणी बॉयलरला कळवणारा डबा, बॉयलरला जोडायचा आणि हॉलच्या थर्मोस्टॅटचा बॉयलरवरचा ताबा काढून घ्यायचा.

किती वाचेल? या विषयावर हवेतले आकडे फार फिरतात, पण एक मोजणी तुमच्या घराशी जवळजवळ तंतोतंत जुळते. लफबरो विद्यापीठानं १९३० च्या दशकातली, एकमेकांना जोडलेली दोन सारखी घरं घेतली. दोन्हींत इन्सुलेशन वाढवलेलं नव्हतं, आणि माणसांच्या वावराची नक्कल यंत्रांनी केली होती. एका घरात नेहमीचं नियंत्रण, दुसऱ्यात खोलीनिहाय. हिवाळ्यातल्या आठ आठवड्यांत खोलीनिहाय घरानं सुमारे १२ टक्के गॅस कमी जाळला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते: त्याच घरातल्या बॉयलरची कार्यक्षमता २.४ टक्क्यांनी घसरली होती. खोल्यांनी वाचवलेलं थोडं बॉयलरनं परत घेतलं.

पैशांत मांडू. ऑफजेम या ब्रिटनच्या ऊर्जा नियामक संस्थेनं २०२३ मध्ये सरासरी घराचा गॅसवापर वर्षाला ११,५०० युनिट (किलोवॅट-तास) धरला होता. त्यातली ९,००० युनिट हीटिंगची धरली, तर १२ टक्के म्हणजे १,०८० युनिट. युनिटला ६ ते ७ पेन्स धरले तर वर्षाला ६५ ते ७५ पाउंड. आठ व्हॉल्व, रिसीव्हर आणि थर्मोस्टॅट मिळून सहाशे-सातशे पाउंडांच्या घरात जातं, म्हणजे वसूल व्हायला नऊ-दहा वर्षं, वर बॅटऱ्यांचा खर्च वेगळा. तीन व्हॉल्वचा संच साधारण त्याच्या निम्म्यात होतो, आणि बचतीचा मोठा भाग त्या तीन खोल्यांतूनच यायचा असतो.

आता बॉयलर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण व्हॉल्वच्या खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

तुमच्यासारख्या घराला, बाहेर उणे २ अंश असताना, साधारण ६ ते ८ किलोवॅट उष्णता लागते. हिवाळ्यातल्या नेहमीच्या दिवशी, बाहेर ६ अंश असताना, ४-५ किलोवॅट पुरते. कॉम्बी बॉयलर मात्र २४ ते ३० किलोवॅटचा बसवतात, कारण शॉवरचं वाहतं पाणी त्याला तिथल्या तिथे तापवायचं असतं. तो ज्योत बारीक करू शकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. जुने बॉयलर ६-७ किलोवॅटच्या खाली जात नाहीत, नवे चांगले ३ च्या आसपास उतरतात. आता समजा घरातले सात व्हॉल्व बंद आहेत आणि फक्त बॉक्स रूम उष्णता मागते आहे. तिथला रेडिएटर जेमतेम ६०० वॅटचा. बॉयलर पेटतो, दोन मिनिटांत पाणी ठरलेल्या तापमानाच्या वर जातं, बॉयलर विझतो, थांबतो, पुन्हा पेटतो. दिवसभर हेच. गॅस वाया जातो, पंखा आणि पेटवणारे भाग झिजतात, आणि खोली तरीही आरामात तापत नाही. छोटा तवा मोठ्या भट्टीवर ठेवल्यासारखं आहे ते.

दुसरं, कंडेन्सिंग बॉयलरचं सगळं गणित रेडिएटरकडून परत येणाऱ्या पाण्यावर चालतं. ते पाणी ५४-५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिच्यातली उष्णता आपल्याला मिळते. परतीचं पाणी ६५ वर असेल तर महागातला कंडेन्सिंग बॉयलरही साध्या बॉयलरसारखाच वागतो. मी उघडलेल्या कितीतरी घरांत पाणी ७५-८० अंशांवर ठेवलेलं असतं, बसवणाऱ्यानं ठेवलं आणि पुन्हा कुणी हात लावला नाही म्हणून. नेस्टा या संस्थेनं २०२२ च्या हिवाळ्यात ते ६० वर आणण्याची मोठी मोहीम चालवली होती. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत जून २०२२ पासून नव्या हीटिंगसाठी जास्तीत जास्त ५५ अंश गृहीत धरूनच रेडिएटर निवडावे लागतात.

तर या आठवड्यात एवढंच करा. कॉम्बीवर दोन सेटिंग असतात, एकाला रेडिएटरचं चिन्ह, दुसऱ्याला नळाचं. नळाच्या सेटिंगला हात लावू नका. रेडिएटरचं ६० वर आणा, आठवडाभर बघा, मग ५५. ५५ वर रेडिएटर पूर्वीच्या जेमतेम निम्मी उष्णता देतील आणि हाताला कोमट लागतील. ते बिघडलेले नाहीत. खोली तापायला वेळ लागेल, म्हणून सकाळी हीटिंग अर्धा-पाऊण तास आधी सुरू करा. कडाक्याच्या दिवशी कमी पडलं तर तेवढ्यापुरतं ६५ करा. तुमच्याकडे कॉम्बी आहे म्हणून हे इतकं सोपं आहे. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी पाणी असं खाली आणू नये, टाकीतलं पाणी लिजिओनेला जिवाणूंमुळे ६० अंशांपर्यंत तापावंच लागतं.

याच वेळी रेडिएटर बॅलन्स करून घ्या. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीखाली लॉकशील्ड व्हॉल्व असतो. बॉयलरजवळचे रेडिएटर बहुतेक पाणी ओढून घेतात आणि लांबचे उपाशी राहतात. जवळच्यांचे लॉकशील्ड थोडे आवळले की लांबच्यांकडे पाणी जातं. बॉक्स रूम पाइपाच्या शेवटच्या टोकाला असेल, तर नुसत्या या कामानं तिथला निम्मा गारठा जाईल.

बॉक्स रूमबद्दल आणखी एक गोष्ट, जी गॅसचं काम करणारा माणूस सहसा सांगत नाही. घरात तुम्ही एकटेच असाल, दार लावून सहा तास त्या खोलीत बसणार असाल, तर विजेवरचा छोटा ऑइल रेडिएटर गॅसपेक्षा स्वस्त पडू शकतो. वीज युनिटला २६ पेन्सच्या आसपास धरली, तर ती गॅसच्या चौपट. पण त्या खोलीला सरासरी ४०० वॅट पुरतात; सहा तासांत २.४ युनिट, साधारण ६० पेन्स. त्याच वेळात सगळं घर तापवायला गॅसची पंचवीसेक युनिट जातात, म्हणजे दीड पाउंडाच्या वर. घर थोडं थंड पडेल आणि संध्याकाळी ते परत तापवावं लागेल हे खरं, तरीही हिशेब बहुधा विजेच्या बाजूनं राहतो. आई-बाबा आल्यावर मात्र हे गणित संपलं. दिवसभर माणसं घरात असताना बॉयलर चालूच असणार, मग बॉक्स रूमचा व्हॉल्व त्याच पाण्यातून आपला वाटा घेईल.

आई-बाबांची खोली हा तुमच्या प्रश्नातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे, आणि खोलीनिहाय हीटिंगचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. जागतिक आरोग्य संघटना थंड हवामानात घरासाठी किमान १८ अंश सुचवते आणि वृद्धांसाठी त्याहून जास्त लागू शकेल असं सांगते. पुण्याच्या हवेत आयुष्य गेलेल्या सत्तरीच्या माणसाला १८ अंश म्हणजे शाल, मोजे आणि तरीही थंडीच. त्यांच्या खोलीला दिवसा २१ ठेवा, रात्री १८-१९ च्या खाली जाऊ देऊ नका. पहाटे चारला उठून बाथरूमला जाणाऱ्या माणसाच्या वाटेत १४ अंशांचा पॅसेज नको. तेव्हा लँडिंगचा साधा टीआरव्ही २ ते ३ च्या मध्ये ठेवा, आणि रात्री बॉयलर पूर्ण बंद न करता त्यांच्या खोलीच्या मागणीवर चालू द्या. त्यांचा पलंग किंवा खुर्ची बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर ठेवा. हवा २१ असली तरी शेजारची भिंत १४ ची असेल तर अंगाला गारच लागतं. आणि हाताने फिरवता येणारा व्हॉल्वच घ्या. त्यांना फोनवरचं ॲप शिकवत बसू नका. मूठ फिरवली की पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत तेच तापमान राहतं, एवढं दाखवलं की पुरे. स्वतःच्या खोलीची ऊब कमी-जास्त करायला मुलाला हाक मारावी लागू नये.

त्या खोलीनं एकटीनं बॉयलर चालवू नये म्हणून तिला लाउंजशी जोडून ठेवा: दोघांपैकी कुणीही मागणी केली तरी दोन्ही थोडे उघडतील असं वेळापत्रक करा. बॉक्स रूमला फक्त पाणी घेण्याचा अधिकार द्या, बॉयलर पेटवण्याचा नको. काही प्रणालींत हे खोलीगणिक ठरवता येतं, घेण्याआधी नक्की विचारा. निवड करताना मी ॲपच्या देखणेपणापेक्षा ही एक सोय बघेन. हॉलमधला रेडिएटर किंवा बाथरूममधला टॉवेल रेल (टॉवेल वाळवायचा रेडिएटर), यांपैकी एकावर कोणताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व नको, म्हणजे पाण्याला फिरायला एक वाट कायम मोकळी राहते.

रिकाम्या खोल्या बंद करून टाकण्याचा मोह होईल. तो आवरा. घराच्या आतल्या भिंतींत इन्सुलेशन नसतं, त्यामुळे १२ अंशांची खोली शेजारच्या २१ अंशांच्या खोलीतून उष्णता ओढत राहते. त्याहून वाईट म्हणजे ओल. २० अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या कोणत्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. आपल्या घरांत रोज कुकर लागतो, डाळ-भात शिजतो, फोडण्या होतात, आणि नोव्हेंबर ते मार्च कपडे घरातच वाळतात. ती वाफ थंड खोलीकडे जाते, कपाटामागच्या बाहेरच्या भिंतीवर बसते, आणि फेब्रुवारीत तिथे काळी बुरशी उगवते. रिकाम्या खोलीला १६ अंश द्या, दार लावून ठेवा, आणि स्वयंपाक करताना एक्स्ट्रॅक्टर फॅन चालूच ठेवा. खोल्याखोल्यांतला फरक ४-५ अंशांच्या आत राहिला तर घर बरं राहतं.

बसवण्याचं काम तुम्ही स्वतः करू शकता. जुनी मूठ ५ वर फिरवा, खालची चकती हातानं सोडवा, मूठ निघते. पाणी येत नाही, कारण व्हॉल्वचा पितळी भाग जागेवरच असतो. आतली पिन अंगठ्यानं किंवा लाकडी ठोकळ्यानं दाबून बघा; दबून वर यायला हवी. अडकली असेल तर हळूहळू हलवून मोकळी करा, पकडीनं ओढू नका, पिन हातात आली तर पाणी बाहेर येईल. बहुतेक पितळी भागांचा आटा एम ३० गुणिले १.५ मिलिमीटर असतो. डॅनफॉसच्या बऱ्याच व्हॉल्वना आट्याऐवजी खटका असतो, त्यासाठी अडॅप्टर लागतो, तो बहुधा खोक्यातच मिळतो. तुम्ही भाड्याच्या घरात असता तरी हे करता आलं असतं. जुन्या मुठी पिशवीत जपून ठेवायच्या आणि निघताना परत लावायच्या.

मग येतो मोजमापाचा घोळ. व्हॉल्वमधला सेन्सर रेडिएटरला चिकटून, घोट्याच्या उंचीवर, कधी पडद्यामागे असतो. तो दाखवेल २२ आणि तुम्ही बसलाय तिथे असतील १९. दहा पाउंडांचा थर्मामीटर टेबलावर ठेवा, काही दिवस दोन्ही आकडे बघा आणि ॲपमध्ये तेवढा फरक भरा. आई-बाबांच्या खोलीत मात्र वेगळा सेन्सर घ्याच, पलंगाच्या उंचीवर, खिडकीपासून लांब. मोटरचा आवाज रात्री ऐकू येतो. झोप सावध असणाऱ्यांच्या खोलीत रात्रीचं वेळापत्रक एकाच तापमानाचं ठेवलं की मोटर फारशी हलत नाही.

रिसीव्हर जोडणं हे तुमचं काम नाही. त्यात २३० व्होल्ट असतात, आणि बॉयलरचं झाकण उघडायचं तर गॅस सेफ (गॅस कारागिरांची अधिकृत नोंदणी) मध्ये नाव असलेलाच माणूस हवा. त्याला एकच गोष्ट ठामपणे सांगा: बॉयलर नुसता चालू-बंद करणारी जोडणी नको, पाण्याचं तापमान मागणीप्रमाणे कमी-जास्त करणारी हवी. आयडियल आणि बक्सीच्या अनेक बॉयलरांत त्यासाठी ओपनथर्म नावाची भाषा असते, जिच्यातून नियंत्रक आणि बॉयलर बोलतात. वॉर्सेस्टर बॉश आणि वेलंट स्वतःच्या वेगळ्या भाषा वापरतात, ईएमएस आणि ईबस. त्यामुळे कंपनी निवडताना बॉयलर आधी, व्हॉल्व नंतर. टॅडो, ड्रेटन वायझर, हनीवेलचं इव्होहोम, तिन्ही चांगलं काम करतात; तुमच्या बॉयलरशी तापमानाच्या भाषेत जे बोलेल ते घ्या. इंटरनेट गेलं तरी व्हॉल्व आणि रिसीव्हर आपसात बोलत राहतील का, आणि आपोआप चालणाऱ्या सोयींसाठी महिन्याचं शुल्क आहे का, हेही विचारून घ्या. तुमचा कॉम्बी एप्रिल २०१८ नंतर बसवलेला असेल, तर इंग्लंडच्या बॉयलर प्लस नियमानुसार यातली एखादी सोय तेव्हाच बसवलेली असू शकते. आधीच्या मालकांनी ठेवलेल्या कागदांत बघा.

पुढच्या चार-पाच वर्षांत हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीनं घरात आणणारं यंत्र) घ्यायचा विचार असेल, तर तीनवरही थांबून विचार करा. हीट पंपाला सगळे रेडिएटर उघडे आणि पाणी ४०-४५ अंशांवर लागतं. तिथे खोल्या बंद-चालू करत राहिलं तर नुकसानच होतं. सरकारच्या बॉयलर अपग्रेड योजनेत त्यासाठी ७,५०० पाउंड मिळतात, आणि तो पैसा रेडिएटर मोठे करण्याच्या कामीही येतो.

काम ऑक्टोबरच्या सुरुवातीला उरकून घ्या. पहिली थंडी पडली की गॅसवाल्यांच्या तारखा मिळत नाहीत, आणि आई-बाबा येण्याआधी त्या खोलीत दोन-तीन रात्री तुम्ही स्वतः झोपून बघायला हवं. बॉयलरच्या खालच्या पट्टीवर लिहिलेलं मॉडेल आणि आत्ता रेडिएटरच्या पाण्याचं सेटिंग किती आहे ते कळवा. त्यावरून कोणता रिसीव्हर चालेल आणि ज्योत किती किलोवॅटपर्यंत खाली येते, हे दोन्ही सांगतो.